दहा श्वास

त्या माळावर कायदा एकच होता: जो पळेल, त्याला धरायचं.

कायदा जुना होता, आणि ज्या काळी झाला त्या काळी शहाणपणाचाही होता. तेव्हा लांडगे होते. कळपातलं कुणी पळू लागलं, तर एक तर त्याच्या मागे लांडगा असे, नाहीतर त्याच्या तोंडात चोरलेला चारा असे. आणि राखणीच्या कुत्र्यांना विचारपूस करत बसायला सवड नसे. ते आधी धरत आणि मग बघत. पुढे लांडगे डोंगरापलीकडे गेले ते परत आले नाहीत. कायदा मात्र राहिला. कुणी जा म्हटल्याशिवाय कायदा जात नाही, आणि जा कुणी म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं.

माळाच्या तीन बाजूंना दगडी कुंपण होतं. चौथ्या बाजूला कडा होता. कड्याला कुंपण घालायचं राहून गेलं होतं. कुणावर संकट आलं तर त्यानं तीन लांब हाका द्यायच्या आणि कुत्र्यांनी असतील तिथून धावत यायचं, अशी रीत होती. कुत्रे येतही. त्यांच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. ते आळशी नव्हते, आणि हाड दिसलं म्हणून तोंड फिरवणाऱ्यांतलेही नव्हते.

वासराच्या कानात वारं शिरतं, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेपटी उभारून ते उधळतं, चार उड्या मारतं, आईला दोन ढुशा देतं आणि वारं आलं तसं निघून जातं. त्याला कुणी पळणं म्हणत नसे. पण शंभरांत एखाद्याच्या कानात शिरलेलं वारं निघतच नाही. ते आतल्या आत फिरत राहतं. बाहेर पान हलत नसताना त्या जनावराला वादळ ऐकू येतं, आणि वादळात सापडलेलं जनावर जे करील तेच ते करतं: पळतं, ओरडतं, नसलेल्या आडोशाला अंग घासत उभं राहतं. अशांबद्दल माळावर फारसं बोलत नसत. बोललं की वारं आपल्याकडे वळतं, असा एक समज होता.

मागच्या उन्हाळ्यात मैना नावाची कालवड अशीच पळाली. कुत्र्यांनी तिला कायद्याप्रमाणे धरलं. मैना चार दिवसांनी गेली. कुत्र्यांचं म्हणणं असं, की आम्ही पाय धरायला गेलो, मान तिनंच मध्ये आणली. ते खोटं बोलत नव्हते. तरी पाणवठ्यावर बरेच दिवस दुसरा विषय निघेना, आणि शेवटी असं ठरलं की कुत्र्यांना शिकवावं.

हे ऐकून सर्वांत जास्त बरं वाटलं ते पोवळीला.

पोवळी ही लाल-पांढऱ्या अंगाची तरुण गाय. तिचं पहिलंच वासरू, कोशा, दीड वर्षाचं होतं, आणि त्याच्या कानातलं वारं निघालेलं नव्हतं. सुरुवातीला ती कुणाला सांगत नसे. मग सांगू लागली, आणि सांगितल्यावर वाटलं की न सांगितलेलं बरं होतं. गाभण असताना आपण धोत्र्याच्या झुडपाजवळ चरलो होतो का, हे ती अजून आठवून पाही. एकदा वाटे, चरलो होतो. मग वाटे, नाही, तो धोत्रा नव्हता, एरंड होता. आणि मग एरंडाचं काय, ही काळजी सुरू होई.

"पोवळे, तू त्याला फार चाटतेस," शेजारची म्हैसमावशी चिखलातूनच म्हणे. "आम्ही नाही बाई पोरं अशी चाटली. झाली की नाही मोठी?"

"मावशी, तुमची पोरं दिवसभर चिखलात बसून असतात."

"असतात. पण बसून असतात ना!"

 यावरचं उत्तर पोवळीला सुचे ते संध्याकाळी, म्हैसमावशी झोपल्यावर.

वारं उठलं की काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. करता करता तिचं तिला सापडलं होतं. कोशा थरथरू लागला की ती त्याच्या आणि कड्याच्या मध्ये जाऊन उभी राही, त्याच्या मानेवर आपली मान टाकी आणि रवंथ करू लागे. पोटात काही नसलं तरी करी. जबड्याचा तो एकसुरी आवाज वादळाच्या आतपर्यंत कसा पोचे कोण जाणे, पण पोचे. कधी एका रवंथात कोशाचा कान तिच्याकडे वळे. कधी दोन लागत. एकदा सकाळी टाकलेली मान तिनं सावल्या लांब झाल्यावर काढली होती. दुसऱ्या दिवशी तिची मान वळत नव्हती, तेव्हा म्हैसमावशीनं विचारलं, "रुसलीस की काय गं?"

पण कोशा वाढत होता. त्याला शिंगं फुटली होती आणि खांदा भरला होता. मानेचं वजन त्याला दिवसेंदिवस कमी वाटत होतं. एक दिवस आपल्याला हाका द्याव्या लागणार, हे पोवळीला कळत होतं. म्हणूनच कुत्र्यांना शिकवणार हे ऐकल्यावर तिनं कित्येक दिवसांनी पोटभर चारा खाल्ला.

शिकवायला नदीपलीकडून एक बगळा आला. त्यानं सगळा जन्म गुरांच्या पाठीवर उभं राहून काढला होता, त्यामुळे कानांत काय चालतं हे त्यानं फार जवळून पाहिलं होतं. सगळे त्याला गुरुजी म्हणू लागले. गुरुजींनी माळाच्या मध्यावर एक गोल आखला आणि कुत्र्यांना त्याभोवती बसवलं. ज्यांच्या घरी वारं होतं अशा आयांनाही बोलावलं. आया चार निघाल्या. खरं तर अशा अकरा होत्या; बाकीच्या पुढे आल्या नाहीत.

वारं भरलेल्या वासराला त्या गोलात उभं करणं दुष्टपणाचं झालं असतं. म्हणून त्याचं सोंग घ्यायला एक माकड आणलं होतं. माकड गुणी होतं. ते किंचाळे, गरगर फिरे, स्वतःचे कान धरून उड्या मारी, लोळे, पुन्हा उठे. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राही. कोशा असं काहीच करत नाही, असं पोवळीला वाटलं. तो तर नुसता थरथरतो आणि मग सरळ रेषेत सुटतो. पण सगळ्यांचं सारखं थोडंच असतं, असं म्हणून तिनं तो विचार गिळला.

गुरुजींचे नियम सोपे होते. धावत जाऊ नका. समोर गेलात की बसा. दात झाका. शेपटी खाली. आवाज मऊ. आणि थांबा.

"किती थांबायचं?" कुत्र्यांच्या नाईकानं विचारलं. करड्या अंगाचा, एका कानाला जुनी खाच असलेला हा नाईक लांडग्यांचा काळ पाहिलेला होता.

"वारं ओसरेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"नाईक, वारं मोजता येत नाही."

"आणि गुरुजी, आम्हाला मोजल्याशिवाय चालत नाही. पोरांना काय सांगू? बसा म्हणालो, बसली. पुढे?"

गुरुजी एक पाय पोटाशी घेऊन विचार करू लागले. त्यांनी तो पाय खाली टेकेपर्यंत कुत्र्यांना उत्तर सापडलेलं होतं.

झालं होतं असं, की पहिल्या दिवशी माकड उड्या मारून मारून थकलं आणि समोर बसलेल्या कुत्र्याच्या दहाव्या श्वासाला गुडघे मोडून, हनुवटी जमिनीला टेकून बसलं. गुरुजींनी खूश होऊन त्याला एक पिकलं उंबर दिलं. माकडानं ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते बरोबर दहाव्या श्वासाला बसू लागलं. वर्ग महिनाभर चालला. महिनाभर रोज, प्रत्येक कुत्र्यासमोर, माकडाच्या कानातलं वारं दहाव्या श्वासाला ओसरलं. कुत्र्यांना आकडा कुणी सांगितला नाही. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला.

पोवळीनंही पाहिला. शेवटच्या आठवड्यात तीही मनात मोजू लागली होती. आठ, नऊ, दहा, आणि उंबर.  आणि ते दहा श्वास कुत्र्याचे होते. तेवढ्या वेळात गाईचा एक रवंथही होत नाही.

आता विचारावं, असं तिनं ठरवलं. तोंडही उघडलं. तेवढ्यात माकडानं हनुवटी टेकली, सगळ्यांनी वाहवा केली आणि नाईकाची नजर तिच्यावर पडली.

"काही शंका, वहिनी?"

नाईकाच्या मागे अख्खा कळप होता. गुरुजींनी हजार कान पाहिले होते. पोवळीनं दोन.

"नाही, नाही," ती म्हणाली. "छानच झालं."

त्या कुत्र्यांत झिपऱ्या नावाचा एक कुत्रा होता. पोवळीच्या बाजूची राखण त्याच्याकडे असे. डोळ्यांवर केस, स्वभावानं मऊ. मैनाला धरलं त्या दिवशी त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं. शिकण्याची खरी हौस त्यालाच. येता-जाता तो पोवळीसमोर बसून दाखवी.

"बघा बरं वहिनी, दात दिसतात का?"

"नाही दिसत, भाऊ."

"आणि किंचित हसलो तर?"

"हसू नका."

"बरं, नाही हसत." मग जरा वेळानं, "कोशाचं कधी काही झालं, तर मलाच हाक द्या हं. बाकीच्यांची शेपटी अजून खाली राहत नाही."

झिपऱ्याकडे पाहिलं की पोवळीला धीर येई. इतकी चांगली इच्छा असलेल्याच्या हातून वाईट कसं होईल, असं तिला वाटे. ते खरं तर तिला वाटायला हवं होतं, म्हणून वाटे.

मग एके दिवशी भर दुपारी, माळावर एक काडी हलत नसताना, कोशाला वादळ ऐकू आलं. पोवळीनं नेहमीसारखी मध्ये जाऊन मान टाकली. त्यानं खांदा वर केला आणि तिची मान पाचोळ्यासारखी बाजूला पडली. तो कड्याच्या दिशेनं चालू लागला. अजून पळत नव्हता. ती धावत पुढे गेली, पुन्हा आडवी झाली. त्यानं तिला ढकलत ढकलत वीस पावलं नेलं. तिचे खूर मातीत रेघा ओढत गेले. मागे वळून तिनं पाहिलं, तर कडा चाळीस पावलांवर होता.

हाक द्यावी तर दात, न द्यावी तर कडा. तिनं तीन हाका दिल्या.

झिपऱ्या आला, त्याच्यामागे आणखी चार. आणि सांगायला हवं, की ते धावत अंगावर आले नाहीत. लांबूनच वेग कमी करत आले, कड्याकडून वळसा घालून समोर झाले आणि बसले. पाचही बसले. दात झाकलेले, शेपट्या मातीला लागलेल्या. झिपऱ्या मऊ आवाजात म्हणाला, "कोशा, बाळा, आम्ही आहोत. काही नाही. काही नाही."

कोशा थांबला.

पोवळीला वाटलं, हे जमतंय. तिनं त्याच्या कुशीला कूस लावली आणि रवंथ सुरू केला. तोंडात घास नव्हता, जबडा नुसता हलत होता. कोशाचं अंग थरथरत होतं, पण खूर जमिनीवर होते. तिनं समोर पाहिलं. झिपऱ्याच्या बरगड्या वर-खाली होत होत्या. चार. पाच. बंद तोंडानं श्वास घेताना त्याच्या नाकपुड्या फुगत होत्या. कोशाचा तिच्याकडचा कान हलला. अगदी थोडा. वाऱ्यात कोंब हलावा तेवढा. सात. तो कान तिच्याकडे वळू लागला होता. ज्यानं असे कान शेकडो वेळा वळताना पाहिले नाहीत, त्याला ते दिसलंही नसतं.

"भाऊ, वळतोय," ती म्हणाली. "थांबा हं. बसून राहा."

नऊ.

"अजून थोडं. भाऊ, अजून—"

झिपऱ्या उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत पाठ केलेलं समोर घडत नाही म्हणून भांबावलेला चेहरा होता तो. "दहा झाले, वहिनी," तो म्हणाला. वारं असतं तर दहाला ओसरलं असतं. ओसरलं नाही, म्हणजे हे वारं नव्हे. आणि वारं नव्हे म्हटल्यावर खाली जुना कायदा होताच.

त्याला उठताना पाहून कोशा पळाला. मग पाचही जणांनी, मान टाळून, पाय धरले.

मागच्या डाव्या पायाची मोठी शीर तुटली. कोशा वाचला. कड्यापासून बारा पावलांवर तो पडला होता, म्हणजे एका अर्थी कुत्र्यांनीच त्याला वाचवलं, असंही म्हणता येत होतं, आणि पुढे बरेच जण म्हणाले. झिपऱ्या त्याच्याजवळ बसून राहिला. जखम चाटू का, असं त्यानं दोनदा विचारलं.

"वहिनी, माझं काय चुकलं? बसलो. दात झाकले. शेपटी पाहिलीत ना तुम्ही? एकही गोष्ट विसरलो नाही मी."

पोवळीला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. पण तो खरंच एकही गोष्ट विसरला नव्हता.

सभा भरली. सगळं नियमाप्रमाणे झालं, असं नाईकानं सांगितलं. मागच्या वेळी कालवड गेली, या वेळी फक्त पाय गेला, ही सुधारणा आहे, असंही कुणी म्हणालं, आणि ते वाईट हेतूनं म्हटलेलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, वर्ग आणखी महिनाभर घेऊ.

या वेळी पोवळी बोलली. आवाज फाटला, पण बोलली. "माकड दहाला बसतं कारण दहाला उंबर मिळतं."

माकडाला ते लागलं. "बाई, मी जीव ओतून करतो. उंबरासाठी करतो होय?"

कळपातून खसखस पिकली. म्हैसमावशीनं मात्र मान खाली घातली. नाईक हसला नाही.

"मग तुम्हीच सांगा, वहिनी. किती?"

"कधी एक रवंथ. कधी दोन." खोटं सांगावं असं तिला एक क्षण वाटलं. "कधी अख्खा दिवस."

"अख्खा दिवस." नाईकानं खाच पडलेला कान खाजवला. "माझ्याकडे सतरा कुत्रे आहेत. कुंपण तीन बाजूंचं. एका वासरासमोर पाच जण दिवसभर बसवले, आणि तेवढ्यात खालच्या अंगाला कोकरू गेलं, तर त्याच्या आईला मी काय सांगू? तुम्ही सांगाल?"

सभेत खालच्या अंगाची एक मेंढी होती. तिनं आपलं कोकरू पोटाखाली ओढून घेतलं आणि पोवळीकडे पाहिलं. त्या नजरेत वैर नव्हतं. पोवळीनं ती नजर लगेच ओळखली. ती तिची स्वतःचीच होती.

ती खाली बसली. दहाचे बारा करावेत, असा ठराव झाला. माकड म्हणालं, जमेल.

कोशाचा पाय भरून आला, पण आखडला. तो आता तीन पायांवर पळे. कमी वेगानं, पण पळे, कड्याकडेच. पायाबरोबर वारं गेलं नव्हतं. आणि पोवळी माळाला बदलू शकत नव्हती, कड्याला नाही, कुत्र्यांना नाही. जे तिच्या हातात होतं ते एकच होतं, आणि ते तिच्या कुशीत झोपत असे.

बाभळीच्या आडोशाला तिनं एक गोल आखला.

आधी तिनं वारं शांत असतानाच सुरुवात केली. कोशाला मध्ये उभं केलं आणि आपण समोर, मागचे पाय दुमडून, कुत्र्यासारखी बसली. गाईला तसं बसता येत नाही. दोनदा ती कुशीवर कलंडली, आणि कोशा खेळ समजून तिच्याभोवती लंगडत नाचला. तिसऱ्या वेळी तिला जमलं. तिनं तोंड घट्ट मिटलं, शेपटी मातीला लावली आणि कुत्र्याच्या वेगानं श्वास घेऊ लागली. एक. दोन. तीन. बाराव्याला ती पुढे सरली आणि आपल्या डोक्यानं त्याचं डोकं खाली दाबलं, गुडघे मोडले, हनुवटी मातीला टेकवली. मग त्याला कोवळी पालवी दिली.

"वादळ येऊ दे," ती त्याच्या कानात म्हणे. "ओरडत असेल तर ओरडू दे. तू नुसता बस. बाराला बस, बाळा. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही."

पहिल्या महिन्यात तो बसला नाही. मग कधी बसे, कधी नाही. वारं उठलेलं असताना ती शिकवू लागली तेव्हा त्यानं तिला दोनदा लाथाडलं. तिसऱ्यांदा तो तिच्यापुढे उभा राहून इतका थरथरला की बाभळीच्या सावलीत उभ्या असलेल्या म्हैसमावशीनं तोंड फिरवलं. पोवळीनं मोजणं थांबवलं नाही. शिकवताना रवंथ करता येत नसे, कारण कुत्रे रवंथ करत नाहीत.

पावसाळा सरताना झिपऱ्या त्या बाजूनं फेरीवर चालला होता. कोशाला वारं उठलेलं पाहून तो नियमाप्रमाणे समोर बसला. बाराव्या श्वासाला कोशानं गुडघे मोडले आणि हनुवटी टेकली. झिपऱ्याला रडूच आलं.

"वहिनी, जमलं! बघा, जमलं ना मला!"

"जमलं, भाऊ," पोवळी म्हणाली.

तो नाचत नाईकाला सांगायला गेला. त्या दिवसापासून कोशाला कुणी धरलं नाही.

हिवाळ्यातल्या एका सकाळी कोवळं ऊन पडलं होतं. कुठं काही शिकवायचं नव्हतं, कुणी कुत्रा जवळपास नव्हता. कोशा उन्हात उभा होता. त्याच्या पाठीवर रात्रीची गवताची काडी अडकली होती, ती चाटून काढावी म्हणून पोवळी उठली आणि त्याच्याकडे निघाली. तिला येताना पाहिलं मात्र, कोशानं गुडघे मोडले. हनुवटी जमिनीला टेकवली. डोळे तिच्या बंद तोंडावर लावले आणि तो अजिबात हलला नाही. फक्त मानेपासून शेपटीपर्यंत त्याचं कातडं सारखं लहरत होतं, ज्वारीच्या उभ्या शेतातून वारं जावं तसं. आणि पोवळी जीभ बाहेर काढून तिथंच थबकली, कारण पुढे एक पाऊल टाकलं असतं तर त्यानं श्वासही रोखून धरला असता.